चित्रफीत उघडत नाही? योग्य कोडेक असा ओळखावा

भारतातून आणलेल्या हार्ड डिस्कवरील लग्नाची चित्रफीत संगणकावर लावावी, तर पडदा काळा आणि आवाज मात्र चालू. किंवा चित्र स्वच्छ दिसते आणि मंगलाष्टके मुकी. अशा वेळी फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा फाइल शाबूत असते. ती उलगडण्याचे साधन, म्हणजे कोडेक, तेवढा संगणकात नसतो.

कोडेकचे कार्य

चित्रणाचे संकोचन करणे आणि पाहताना ते पुन्हा उलगडणे, ही कोडेकची दोन कामे. त्याची गरज साध्या गणिताने पटते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चौकटीस, दर बिंदूला ३ बाइट धरल्यास, सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने तासाभराचे चित्रण सुमारे ५६० गिगाबाइटांवर जाते. कोडेक लागोपाठच्या चौकटींतील न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही, केवळ फरक नोंदवतो. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावेही गाळतो. त्यामुळे तेच चित्रण काही गिगाबाइटांत मावते.

डबा निराळा, जिन्नस निराळा

फाइलच्या नावाअखेरचे एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही किंवा एमओव्ही हे शब्द कोडेकची नावे नव्हेत. ते डब्याचे प्रकार आहेत. एकाच प्रकारच्या डब्यात वेगवेगळ्या कोडेकने बांधलेले चित्र आणि ध्वनी असू शकतात. म्हणूनच एक एमपी४ फाइल चालते आणि दुसरी चालत नाही. नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने आतील जिन्नस बदलत नाही.

चित्रणाच्या काळावरून अंदाज

व्हीसीडीवरील चित्रण एमपेग-१ पद्धतीचे असते. तबकडीतील ‘डॅट’ फाइलींत ते सापडते. डीव्हीडीवरील ‘व्हीओबी’ फाइलींत एमपेग-२ असते, तर २००० नंतरच्या दशकातील एव्हीआय फाइलींत डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड आढळण्याचा संभव मोठा. २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांतील ‘एमटीएस’ फाइलींत एच.२६४ असते. हे मानक २००३ चे असून आज ते जवळपास सर्वत्र चालते. त्यापुढचे एच.२६५ हे मानक २०१३ मध्ये आले. २०१७ पासून अनेक आयफोन याच पद्धतीने चित्रण साठवू लागले. नातेवाइकांनी पाठविलेली ताजी चित्रफीत जुन्या विंडोज संगणकावर अडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

लक्षणांवरून निदान

आवाज येतो पण चित्र नाही, तर चित्राचा कोडेक नाही. चित्र येते पण आवाज नाही, तर ध्वनीचा कोडेक नाही. एसी-३ किंवा डीटीएस ध्वनी असलेल्या फाइलींत हे विशेष घडते. चित्र अडखळत असेल, तर कोडेक आहे, पण संगणकाची शक्ती अपुरी पडते. फाइल मुळीच उघडत नसेल, तर नक्कल अर्धवट झाली असण्याची शक्यता तपासावी. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिलेली असते. ती सुटली तर उरलेले सर्व चित्रण असूनही वाचता येत नाही. त्यावर कोडेक हा उपाय नव्हे, मूळ ठिकाणाहून पुन्हा नक्कल करावी.

अंदाजावर न थांबता खात्री करून घेण्यासाठी ‘मीडियाइन्फो’ हे विनामूल्य साधन उपयोगी आहे. फाइल त्यात उघडताच डब्याचा प्रकार, चित्राचा व ध्वनीचा कोडेक आणि चौकटींचा वेग समोर येतो.

उपायांचा क्रम

पहिला उपाय ‘व्हीएलसी’. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे सॉफ्टवेअर जन्मले आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आले. बहुतेक प्रचलित कोडेक त्यातच अंतर्भूत असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्येच एच.२६५ हवे असल्यास मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमधून त्याचे विस्तारक घ्यावे. युरोपात मिळणाऱ्या विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत माध्यमविषयक घटक मुळातच वगळलेले असतात. तेथे ‘मीडिया फीचर पॅक’ बसवावा लागतो. आयफोनवरून पाठविणाऱ्यास कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडण्यास सांगितल्यास पुढील चित्रण सहसा एच.२६४ मध्ये होते.

कायमस्वरूपी रूपांतर हवे असल्यास ‘हँडब्रेक’ किंवा ‘एफएफएमपेग’ वापरावे. केवळ डबा बदलायचा असेल, उदाहरणार्थ एमकेव्हीतील एच.२६४ चित्रण एमपी४ मध्ये न्यायचे असेल, तर एफएफएमपेग पुन्हा संकोचन न करता ते काम करते आणि दर्जा तसाच राहतो. कोडेक बदलताना मात्र दर्जा थोडा घटतो. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना

‘हा कोडेक बसवा, मगच चित्रफीत दिसेल’ असे सांगणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांपासून दूर राहावे. २००५ नंतर फैलावलेला ‘झ्लॉब’ हा घातक प्रोग्रॅम नेमका कोडेकच्या वेषात संगणकांत शिरत असे, आणि ही युक्ती अद्याप जुनी झालेली नाही.

दुसरे, डीव्हीडीचा विभाग आणि कोडेक यांची गल्लत करू नये. भारत ५ व्या विभागात, अमेरिका १ ल्या, तर ब्रिटन व आखाती देश २ ऱ्या विभागात येतात. भारतात विकत घेतलेली चित्रपटाची तबकडी या कारणाने अडली, तर कोडेक शोधण्यात अर्थ नाही. घरगुती चित्रणाच्या तबकड्यांवर सामान्यतः हे बंधन नसते. मात्र लिहिता येणाऱ्या तबकड्या काळाबरोबर खराब होतात. त्या वाचता येत आहेत तोवरच त्यांतील चित्रण संगणकावर उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावे. कोडेक उद्याही मिळेल. तबकडीवरून पुसट झालेला आजीचा आवाज परत मिळणार नाही.