अ‍ॅनाग्रॅम

एका शब्दातली सगळी अक्षरे, एकही न गाळता आणि एकही न वाढवता, क्रम बदलून मांडल्यावर तयार होणारा दुसरा अर्थपूर्ण शब्द. इंदूरच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आय, एन, डी, ओ, आर, ई असे सहा अक्षरांचे आहे. तीच सहा अक्षरे वेगळ्या क्रमाने लावली की ‘आयर्न्ड’ (इस्त्री केलेला) हा इंग्रजी शब्द होतो. देवनागरीत लिहिल्यावर हे नाते उरत नाही. अ‍ॅनाग्रॅम उच्चारावर नव्हे, लिपीवर उभा असतो.

इंग्रजीतील दीर्घ शब्द : शब्द जितका लांब, तितका त्याचा जोडीदार सापडणे अवघड. ‘कॉन्व्हर्सेशन’ (संभाषण) आणि ‘कॉन्झर्व्हेशन’ (संवर्धन) ही बारा अक्षरी जोडी सुपरिचित आहे. ‘सिनेमॅटोग्राफर’ (छायालेखक) आणि ‘मेगाकायरॉप्टरन’ (मोठ्या फलाहारी वटवाघळांच्या गटातील प्राणी) ही पंधरा अक्षरी जोडी अधिक मोलाची, कारण त्या दोन शब्दांच्या अर्थांत काडीचाही संबंध नाही. जोड्या शोधण्याची रीत सोपी आहे : प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावायची; ज्यांची रांग सारखी, ते शब्द एका गटातले.

उपयोग : शोध आपलाच असल्याचा दावा राखण्यासाठी सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ अशी अक्षररचना वापरत. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीविषयीचे निरीक्षण विस्कटलेल्या अक्षरांत कळवले. केप्लरने त्यातून मंगळाच्या दोन चंद्रांचा चुकीचा अर्थ काढला. रॉबर्ट हूकने स्थितिस्थापकतेचा नियम १६७६ मध्ये चौदा अक्षरांत दडवला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला.

गणित : दिलेल्या घटकांचे किती क्रम होतात, हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’तील (इ.स. ११५०) अंकपाश या प्रकरणात सांगितले आहे. चार हातांत चार आयुधे धरणाऱ्या हरीच्या मूर्तीचे २४ प्रकार, तर दहा हातांच्या शंभूचे ३६,२८,८०० प्रकार होतात. एखादा घटक पुन्हा आला तर संख्या किती घटते, याचाही नियम तेथे आहे. त्या हिशेबाने इंदूरच्या सहा रोमन अक्षरांचे ७२० क्रम होतात. ‘सिनेमॅटोग्राफर’च्या स्पेलिंगमध्ये तीन अक्षरे प्रत्येकी दोनदा येतात, तरीही क्रम १६ हजार ३४५ कोटींहून अधिक भरतात. एवढ्या राशीतून अर्थपूर्ण शब्द हाती येणे किती दुर्मीळ, हे यावरून कळते.

मराठीतील एकक : मराठीत आधी ठरवावे लागते की मोजायचे काय. इंदूरजवळच्या राऊ या गावाचे नाव रोमनमध्ये तीन अक्षरांचे, म्हणून सहा क्रम. देवनागरीत ‘रा’ आणि ‘ऊ’ ही दोनच अक्षरे, म्हणून दोन क्रम. अक्षर हे एकक धरले तर ‘कलम’ आणि ‘कमल’, ‘पालक’ आणि ‘कपाल’, ‘तारक’ आणि ‘करता’ या जोड्या मिळतात. अक्षर फोडून स्वर आणि व्यंजने सुटी मोजली की गट वाढतात : ‘नाव’, ‘नवा’, ‘वान’ या तिन्हींत न्, व्, अ, आ हेच चार वर्ण आहेत. ‘राव’, ‘रवा’, ‘वार’ यांचेही तसेच. ‘वानर’ आणि ‘नवरा’ हेही समवर्णी ठरतात. संगणक युनिकोड चिन्हे मोजतो. त्याला ‘नाव’ आणि ‘नवा’ सारखे दिसतात, कारण काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. मात्र ‘आज’ आणि ‘अजा’ वेगळे दिसतात, कारण आरंभीचा ‘आ’ आणि काना यांना निरनिराळे संकेतांक आहेत. वर्णांच्या हिशेबाने ते दोन्ही एकच.

आपली परंपरा : चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. पुढे सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरचे ज्योतिषी सूर्य पंडित यांनी ‘लीलावती’वर टीका लिहिली आणि ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही रचले. त्यातले श्लोक सुलट वाचता रामकथा, उलट वाचता कृष्णकथा. अक्षरे तीच, क्रम उलटा. म्हणजे अ‍ॅनाग्रॅमचाच सर्वांत कडक प्रकार, तोही शब्दापुरता न राहता अख्ख्या काव्यात पेललेला. ‘चिमा काय कामाची’ हे लोकांच्या तोंडचे वाक्य त्याच जातीचे असून त्यात ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतली आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) दुसरी वाट घेतली : ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणून ‘म’ही वर्ज्य; ‘राम’ हे नावसुद्धा न घेता रामकथा सांगायची. वर्णांचा संच आधी बांधून घेऊन त्यात अर्थ साधण्याची ही ताकद मोठी आहे.

मराठी समवर्णी शब्दांची सूची करणाऱ्याने एकक कोणते धरले, हे सुरुवातीलाच सांगावे आणि वर्ण हेच मुख्य एकक मानावे. बाराखडी गिरवणाऱ्या मुलालाही स्वर-व्यंजनांची फोड शिकवण्याचे ते उत्तम साधन होईल.