सुरत : साथकाळातील आरोग्यकर्मी

गुजरातमधील सुरत शहरात 1994 चा प्लेग आणि 2020–21 चा कोविड या साथींच्या काळात डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार व आशा कार्यकर्त्या यांची कामाची स्थिती आणि त्यांच्या मनावर आलेला ताण.

सप्टेंबर 1994 मध्ये, तापीच्या पुरापाठोपाठ, फुप्फुसांच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे प्रतिजैविक दुकानांतून दिसेनासे झाले. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली, तेव्हा रुग्णांचा भार मुख्यतः न्यू सिव्हिल हॉस्पिटलवर पडला. पळालेल्यांवर टीका झाली, ती अकारण नव्हती. पण तेथे थांबलेल्यांच्या मनात काय चालले होते याची विचारपूस त्या मानाने फारच थोडी झाली. रोग प्लेगच आहे का, यावर तज्ज्ञांत वाद सुरू असताना त्यांना रुग्णाच्या खोकल्यासमोर उभे राहावे लागले. साथीचे बळी पन्नासच्या आसपास होते. भीती त्याहून कितीतरी मोठी होती. मे 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी महापालिकेची स्वच्छता व आरोग्ययंत्रणा बदलून टाकली. या बदलाच्या श्रेयात झाडू हाती घेणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

कोविडची पहिली झळ 2020 च्या उन्हाळ्यात लिंबायतसारख्या दाट वस्तीला बसली. या भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सर्वेक्षणाला घरोघर जाणाऱ्यांकडे लोक संशयाने पाहत. पीपीई किट चढवले की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. परिचारिकांना पाळीच्या दिवसांत हे अधिकच जड जाई. घरी जावे तर मुलांना लागण होण्याची धास्ती. त्यात शेजाऱ्यांचा त्रास: सुरतमधील एका महिला डॉक्टरचा असा छळ टाळेबंदीत देशभर गाजला. अशा घटनांमुळे केंद्राने एप्रिल 2020 मध्ये अध्यादेश काढून 1897 च्या साथरोग कायद्यात हल्लेखोरांना सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

एप्रिल 2021 च्या दुसऱ्या लाटेत सुरतच्या स्मशानभूमींतील गॅसदाहिन्या अखंड जळून त्यांचे लोखंडी भाग वितळू लागले. दाहिनीवरच्या कामगारांची गणना आरोग्यकर्मींत होत नाही. ती व्हायला हवी. रुग्णालयांत खाट आणि प्राणवायू यांची वानवा होती. काय करायला हवे हे ठाऊक असूनही ते करता न आल्याने मनाला होणाऱ्या जखमेला मानसशास्त्रात नैतिक आघात म्हणतात. झोप उडणे, चिडचिड, अपराधीपणा ही त्याची नेहमीची रूपे. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजार न मानता कामाशी निगडित स्थिती मानले. त्यामुळे योगवर्ग व कौतुकाच्या टाळ्या-थाळ्यांपेक्षा कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक, पुरेशी माणसे आणि वेळेवर पगार हेच पहिले उपचार ठरतात.

केंद्राने कोविडकाळात आरोग्यकर्मींना 50 लाख रुपयांचे विमाकवच दिले. मात्र ते मृत्यूनंतरचे होते. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातभरचे इंटर्न डॉक्टर 12,800 रुपयांचे मासिक विद्यावेतन 20,000 करावे म्हणून संपावर गेले. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, तोवर दुसरी लाट ओसरून वर्षाहून अधिक काळ लोटला होता.