सांबर, साहेब आणि पाऊस

शिकारीच्या इतिहासात शिकाऱ्याचं नाव असतं, बंदुकीचं असतं, प्रसंगी कुत्र्याचंही असतं. पावसाचं मात्र नसतं. मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम.; वहीतली एखादी बाजू कोरी दिसली की मला जेवण गोड लागत नाही. म्हणून हा खटाटोप.

अमेरिकेत एल्क नावाचं एक अगडबंब हरीण आहे. रॉकी पर्वतात बर्फ साचलं की ते वरचं रान सोडून खाली उतरतं, वर बर्फात खुरांचे ठसे सोडतं. म्हणजे हवा बिघडली की तिथला शिकारी खूष! आपल्याकडे एल्क नाही, पण त्याच घराण्यातलं सांबर आहे. सिलोनच्या डोंगरात शिकार करणारे सॅम्युअल बेकरसाहेब तर १८५४ च्या आपल्या पुस्तकात सांबरालाच खुशाल ‘एल्क’ म्हणतात. घरची आठवण आली की साहेब कुणालाही कुणाचंही नाव देई.

आता आमच्या गणेशपुरीकडे या. गरम पाण्याची कुंडं, तानसा नदी, शेजारी मंदाग्नीचा डोंगर आणि पूर्वेला माहुलीचे सुळके. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात इथल्या रानटी जनावरांमध्ये सांबराची नोंद आहे. पण जूनमध्ये इथं धुकं उतरलं की समोरची एस. टी. दिसत नाही, तिथं सांबर काय दिसणार?

उन्हाळ्यात शिकारी पाणवठ्यावर मचाण बांधून बसे आणि तहानलेलं जनावर निमूट हजेरी लावी. पावसाळ्यात डोंगरभर पाणी, डोंगरभर गवत. सांबराला हजेरीची सक्तीच उरत नाही. ठसे उमटले तरी पुढची सर पुसून टाकते. ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ओल लागली की सगळा मामला फुस्स. पुढं काडतुसं आली आणि ती अडचण गेली. पण सांबराची जुनी शिंगं गळतात साधारण मार्च-एप्रिलात. वर्षअखेरीच्या हिशेबात आमचे केस गळतात, तेव्हाच! नवी शिंगं पावसाळाभर मखमली कातडीत कोवळीच असतात. टणक व्हायला दिवाळी उजाडते. दिवाणखान्यात टांगायला शिंगंच नाहीत, तर साहेबानं भिजायचं कशाला? १९१२ च्या कायद्यानं शिकारबंदीचे महिने ठरवायचा अधिकार सरकारला दिला. पावसानं ते आधीच ठरवून टाकले होते, तेही कुणाचा शेरा न घेता!

अहो, पण पाऊस काही बारमाही नसतो. तो सरला की हाका निघे. वारली, कातकरी, ठाकूर डबे बडवीत, ओरडत रान उठवीत आणि जनावर बंदुकीच्या तोंडी आणून देत. चवताळलेलं रानडुक्कर किंवा जखमी वाघ उलटला, तर आधी गाठ पडे ती यांची; साहेब मचाणावर. एकट्या १८७८ सालात दोन कायदे झाले. एकानं बंदुकीला परवाना लावला, दुसऱ्यानं जंगल राखीव केलं. त्यामुळं ज्याला झाडन् झाड ठाऊक, त्याच्या हाती काठी. आणि ज्याला वाटाड्याशिवाय चालता येत नाही, त्याच्या हाती रायफल. राबणं अनेकदा वेठीचंच. याच जिल्ह्यातले वारली वेठीविरुद्ध उठले ते १९४५ साली.

पुढं १९७० साली तानसा अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा जमाना संपला. सांबराला बारा महिन्यांचा पावसाळा मिळाला म्हणायचा.

जुन्या बंगल्यांतून अजून शिंगं दिसतात. खाली पितळी पट्टी. तीवर साहेबाचं नाव, साल, शिंगांची इंचात लांबी. हाका घालणाऱ्या पन्नास जणांची नावं लिहायची म्हटलं, तर पट्टी भिंतभर लागेल. भिंत तर रिकामीच आहे. आमच्या बँकेत अशा नोंदीवर साहेबसुद्धा सही करणार नाहीत.