नभोवाणी, दूरदर्शन आणि आपली मुले



बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. मुलगा डॉक्टर होणार की इंजिनिअर, मुलगी बी.एड. करणार की बँकेच्या परीक्षेला बसणार? अशा वेळी एखाद्याने धीर करून सांगितले की, "मला रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम तयार करायला शिकायचे आहे," तर घरात क्षणभर शांतता पसरते. "ही काय शिकण्याची गोष्ट आहे?" असे वडील विचारतात. मुलगी असेल तर आईला आणखी वेगळी काळजी वाटते. या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो आपल्याच एका नामवंत शिक्षणसंस्थेशी निगडित आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की वडिलांचा प्रश्न अगदीच गैर नाही. आपल्या देशात कित्येक वर्षे ही शाळा-कॉलेजात शिकण्याची गोष्ट नव्हतीच. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते एका खासगी कंपनीचे होते. कंपनी बुडाली, 1930 मध्ये कारभार सरकारकडे आला आणि 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. त्या काळी जे लोक तेथे गेले ते लेखक होते, प्राध्यापक होते, गवई होते. काम करता करताच ते काम शिकले. झुल्फिकार अली बुखारी आधी आले. त्यांचे थोरले बंधू अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दूचे लाडके विनोदी लेखक 'पतरस', लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील इंग्रजीचे अध्यापन सोडून मागाहून आले आणि पुढे साऱ्या खात्याचे प्रमुख झाले. दोघेही गुणी होते यात शंका नाही. तरी 'बी.बी.सी. म्हणजे बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन' ही कोटी त्या काळी सर्वत्र प्रसिद्ध होती आणि लोक उगाच कोटी करीत नाहीत.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. मरहूम अमीन सायानी यांचा आवाज ऐकत ज्यांनी बुधवारची रात्र घालवली आहे, असे वडीलधारे आपल्या घरोघरी आहेत. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तेव्हा ते विशीतले तरुण होते. ही कला ते कोठे शिकले? थोरले बंधू हमीद सायानी नभोवाणीवर होते. ते लहानग्या अमीनला बोट धरून स्टुडिओत घेऊन गेले. दुसरी शाळा घरातच होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढशिक्षणाचे कार्य करीत आणि 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत. नवसाक्षरांसाठी निघणारे हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, पण एकाच सोप्या हिंदुस्तानी भाषेत निघे. अमीन त्या कामात आईला मदत करीत. गीतमालेची ती सर्वांना समजणारी बोली येथूनच आली.

आता वाचकांनी विचार करावा. ज्याचा भाऊ स्टुडिओत नाही, ज्याची आई नियतकालिक काढीत नाही, त्या भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा कोकणातल्या खलाशाच्या मुलाने ही विद्या कोठून घ्यावी?

स्त्रियांची वाट तर याहूनही अवघड. सईदा बानो यांनी 1947 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली केंद्रावरून उर्दू बातम्या वाचावयास प्रारंभ केला. लखनौ केंद्रावर बोलण्याचा थोडाफार सराव, एवढीच त्यांची शिदोरी. फाळणीच्या त्या दिवसांत एक मुस्लिम स्त्री बातम्या वाचते म्हणून त्यांना संतापाची पत्रे येत. तरीही त्या दिल्लीतच राहिल्या आणि वाचत राहिल्या.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईला ते यायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडले. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट होती. 1974 मध्ये दिल्लीतला टीव्ही प्रशिक्षण विभाग तेथे आणला गेला आणि संस्थेच्या नावात 'टेलिव्हिजन' हा शब्द आला. परंतु एक मेख होती. टीव्हीचे हे शिक्षण बरीच वर्षे दूरदर्शनच्या नोकरवर्गापुरतेच होते. म्हणजे आधी नोकरी, मग शिक्षण! बाहेरच्या विद्यार्थ्याला तेथे टीव्ही शिकण्याची सोय फार उशिरा झाली.

दरम्यान यंत्रे मात्र झपाट्याने पुढे गेली. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. 1982 मध्ये रंगीत चित्र आले. 1984 मध्ये तर काही महिने जवळजवळ रोज एक नवा ट्रान्समीटर उभा राहत होता. मनोरे उभे राहिले, पण त्यांवरून दाखवायचे काय आणि ते बनवायचे कोणी, याचा विचार मागे पडला होता. हा विचार ज्या मोजक्या लोकांनी केला त्यांत एक होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे तेव्हाचे कुलगुरू, शेख-उल-जामिया अन्वर जमाल किडवई.

जामियाची हकीकत आपणांस ठाऊक असेलच. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढला तिची स्थापना झाली आणि 1925 मध्ये ती दिल्लीस आली. पैसा नव्हता. डॉ. झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरमहा 150 रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली आणि संस्था तगवली. 1938 मध्ये शफीकुर्रहमान किडवई यांनी तेथे 'इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की' काढून प्रौढशिक्षणाला बळ दिले. अशा संस्थेने पुढे रेडिओ-टीव्हीचे शिक्षण हाती घ्यावे, यात मला तरी नवल वाटत नाही. जे काम कंदिलाच्या उजेडात रात्रीच्या वर्गात चालले होते, तेच आता कॅमेऱ्याने करायचे होते.

अन्वर जमाल किडवई माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे सचिव राहिलेले होते. आतली परिस्थिती त्यांनी जवळून पाहिली होती. 1982 मध्ये त्यांनी जामियात 'मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर' स्थापन केले. साथीला कॅनडाचे माहितीपटकार जेम्स बेव्हरिज आणि टोरांटोचे यॉर्क विद्यापीठ होते. बेव्हरिज यांना हिंदुस्थान नवा नव्हता. 1950 च्या दशकात त्यांनी येथे बर्मा-शेल कंपनीसाठी चित्रपट केले होते. ओखल्याच्या परिसरात दोन वर्षांचा एम.ए. सुरू झाला. छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, रेडिओ, फिल्म, व्हिडिओ, संकलन असे सारे विषय त्यात आले. ज्याला दिग्दर्शन करायचे आहे त्यानेही दुसऱ्याच्या चित्रीकरणात कॅमेरा सांभाळायचा, माईक धरायचा. घरात भांडी न घासता थेट मेजवानी शिजवू पाहणाऱ्यांना हे सुरुवातीला जड जाते म्हणे!

प्रवेश मिळे तो लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून. येथे मामा-काकाची ओळख लागत नव्हती. माझ्या मते या केंद्राचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्यातल्या यंत्रांहून अधिक या एका गोष्टीत आहे.

आणि आईच्या काळजीचे काय? तेथे शिकलेल्या काही तरुणींनी 1986 मध्ये 'मीडिया स्टॉर्म' नावाचा गट स्थापन केला. माहितीपट बनवणारा केवळ स्त्रियांचा असा गट आपल्या देशात बहुधा हाच पहिला. त्यांचा पहिला माहितीपट 'इन सेक्युलर इंडिया' हा त्याच वर्षी संसदेत संमत झालेल्या मुस्लिम महिला कायद्यावर होता. शाहबानो प्रकरणानंतरचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या विषयाची धग सांगायला नको. त्या कायद्याविषयी आपल्यात तेव्हाही दोन मते होती आणि आजही आहेत; त्या वादात येथे शिरत नाही. परंतु आपल्या घरातील प्रश्नावर वर्तमानपत्रे, पुढारी आणि मौलवी सारे बोलत असता कॅमेरा घेऊन स्त्रियांपर्यंत जाण्याचे काम विद्यापीठात शिकलेल्या मुलींनी केले, ही नोंद आपण ठेवली पाहिजे. या गटातल्या सबीना गडिहोके यांनी पुढे जामियातच अध्यापन केले.

प्रसिद्ध नावेच हवी असतील तर कबीर खान, किरण राव, बरखा दत्त येथलेच. शाहरुख खाननेही येथे प्रवेश घेतला होता, पण अभ्यासक्रम पुरा केला नाही. विद्यार्थ्यांनी या शेवटच्या उदाहरणाचा सोयीस्कर अर्थ काढू नये.

15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दुपारी दिसू लागले. त्यासाठी विद्यापीठांतून निर्मिती केंद्रे काढली गेली, त्यांत जामियाबरोबर आपले पुणे विद्यापीठही होते. पुढे डिसेंबर 2002 मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचे नभोवाणी केंद्र काढण्याची मुभा दिली. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने आरंभ केला. मग पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि जामियाचा रेडिओ आला. अशा केंद्राचा आवाज काही मैलांपलीकडे जात नाही. पण तेवढ्या टापूतली आया-बहिणींची दुखणी, मुलांचे अभ्यास आणि स्थानिक बोली त्यात मावते. 2006 मध्ये हीच परवानगी स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. म्हणजे आपल्यासारख्या एखाद्या संस्थेलाही असे केंद्र मागता येते.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. या व्यवसायात कायमची नोकरी सर्वांना मिळते असे म्हणणे म्हणजे पालकांची फसवणूक होईल. पुष्कळांना कामागून काम शोधावे लागते. काही जण शिक्षक होतात, काही संकलनाच्या टेबलावर वर्षे काढतात. मात्र अशा अभ्यासक्रमांना शास्त्र, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर सहसा अर्ज करू शकतो. तेव्हा बारावीनंतर लगेच निर्णय घेण्याची घाई नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याने रोज एक वर्तमानपत्र मराठीतून आणि एक उर्दू किंवा इंग्रजीतून वाचावे, आपल्या गावातील एखाद्या वृद्ध कारागिराची मुलाखत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ती पाच मिनिटांत बसवून पाहावी. प्रवेशाच्या मुलाखतीत "आतापर्यंत काय केलेस?" हे विचारले जातेच.