तीनशे ओहमचा हेडफोन आणि खिशाला परवडणारा अ‍ॅम्प्लिफायर

स्टुडिओत वापरला जाणारा नामांकित हेडफोन मोठ्या हौसेने घरी आणावा, तो मोबाइलला जोडावा, आवाज शेवटपर्यंत वाढवावा आणि तरीही विलंबित ख्यालातली आलापी शेजारच्या खोलीतून ऐकू आल्यासारखी वाटावी, असा अनुभव अनेक रसिकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी दोष बहुधा हेडफोनचा नसतो. त्याला पुरेसा विद्युतदाब मिळत नसतो. मग स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरचा शोध सुरू होतो आणि खोक्यावरील मिलिवॅटचा मोठा आकडा पाहून खरेदी उरकली जाते. नेमकी येथेच फसगत होते. अधिक इम्पिडन्सच्या हेडफोनसाठी आधी पाहायचे ते व्होल्ट. वॅटचा विचार त्यानंतरचा.

इम्पिडन्स आणि संवेदनक्षमता

हेडफोनमधील तारेचे वेटोळे विद्युतप्रवाहाला जो विरोध करते, तो इम्पिडन्स. तो ओहममध्ये मोजतात. मोबाइलसोबत वापरले जाणारे हेडफोन साधारणतः १६ ते ३२ ओहमचे असतात. सेनहायजरचे एचडी ६०० आणि २००३ साली आलेले एचडी ६५० हे हेडफोन ३०० ओहमचे आहेत, तर बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला. विरोध जितका अधिक, तितका तोच आवाज निर्माण करण्यासाठी व्होल्टेज जास्त आणि करंट कमी लागतो.

मात्र केवळ ओहमवरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. ठरावीक विद्युतशक्तीत हेडफोन किती मोठा आवाज देतो, ही त्याची संवेदनक्षमताही पाहावी लागते. काही कंपन्या ती १ मिलिवॅटला किती डेसिबल अशी देतात, तर काही १ व्होल्टला किती डेसिबल अशी. हे दोन आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

साधे गणित

संगीतातील क्षणिक उंच टोके विकृत न होता ऐकू यावीत, यासाठी ११० डेसिबलची क्षमता हाताशी असणे पुरेसे मानता येईल. एचडी ६५० हा १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. उरलेल्या ७ डेसिबलसाठी सुमारे सव्वादोन व्होल्ट, म्हणजे जेमतेम १७ मिलिवॅट लागतात. डीटी ८८० ची संवेदनक्षमता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ११० डेसिबलसाठी त्याला २५ मिलिवॅट लागतात. परंतु त्यासाठी २५० ओहमच्या प्रकाराला अडीच व्होल्ट, तर ६०० ओहमच्या प्रकाराला जवळपास चार व्होल्ट द्यावे लागतात. मोबाइलच्या साध्या यूएसबी-सी अ‍ॅडॅप्टरमधून बहुधा अर्धा ते एक व्होल्टच मिळतो.

आता जाहिरातीतील आकडा तपासू. ‘३२ ओहमला १०० मिलिवॅट’ असे एखाद्या उपकरणावर लिहिलेले असते. शक्तीला ओहमने गुणून वर्गमूळ काढले, की व्होल्टेज मिळते. येथे ते १.८ व्होल्ट येते. तेवढ्याच व्होल्टेजवर ६०० ओहमच्या हेडफोनला केवळ ५ मिलिवॅट मिळतात. म्हणूनच ३०० किंवा ६०० ओहमला किती शक्ती मिळते, हा आकडा माहितीपत्रकात शोधावा. तो नसल्यास कमाल आउटपुट व्होल्टेज पाहावे. चार व्होल्ट देणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक हेडफोनना पुरतो. सहा-सात व्होल्ट मिळाले तर काळजीच नको.

आउटपुट इम्पिडन्स, गेन आणि खरखर

अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३०० ओहमसाठी ही मर्यादा सुमारे ३७ ओहम येते. ती ओलांडल्यास अनेक हेडफोनमध्ये खर्जाचा भाग फुगतो आणि तबल्याचा डग्गा जरा जास्तच घुमू लागतो. स्वस्त व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे विशेष तपासावे.

गेन म्हणजे आलेला सिग्नल किती पटींनी वाढवायचा ते प्रमाण. सीडी प्लेअर किंवा टेबलावरील डॅकमधून साधारण २ व्होल्ट मिळतात. त्यामुळे दोन ते तीनपट गेन पुरतो. अतिरिक्त गेनमुळे खरखर वाढते. शिवाय आवाजाची कळ अगदी तळाशी ठेवावी लागते आणि स्वस्त कळीमध्ये तेथे डावा-उजवा आवाज समान राहत नाही. तानपुऱ्याचा मंद झंकार ऐकताना ही उणीव लगेच जाणवते.

थोडक्या खर्चात काय मिळते?

अल्प किमतीतही उत्तम अ‍ॅम्प्लिफायर बनू शकतो, हे २०११ साली एका अभियंत्याने टोपणनावाने जाहीर केलेल्या ‘ओ-टू’ या आराखड्याने दाखवून दिले. तो दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर किंवा अ‍ॅडॅप्टरवर चालतो. पुढे शीट कंपनीचा मॅग्नी २०१२ मध्ये आणि जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम २०१८ मध्ये, दोन्ही ९९ डॉलरना बाजारात आले. परदेशातून असे उपकरण आणवताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. अमेरिकेतील वीजपुरवठा १२० व्होल्टचा, तर भारतातील २३० व्होल्टचा आहे. तेथील ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडॅप्टर येथे तसाच लावल्यास तो जळू शकतो. अ‍ॅडॅप्टरवरील इनपुटचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

खरेदीपूर्वी

अ‍ॅम्प्लिफायर मुळात हवा आहे का, हेही पडताळून पाहावे. मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेली चित्रपटगीतेच ऐकायची असतील आणि आवाज दोन-तृतीयांशावर पुरेसा होत असेल, तर वेगळ्या खर्चाची गरज नाही. कमी पातळीवर मुद्रित झालेल्या जुन्या मैफली पूर्ण आवाजातही क्षीण वाटत असतील, तर मात्र हा खर्च सार्थकी लागतो.

मिळालेली क्षमता सतत वापरायची नसते, याचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्म्यावर येते. चांगला अ‍ॅम्प्लिफायर विकृतीशिवाय वाजत असल्याने आवाज किती वाढला आहे, हे कानांना चटकन कळत नाही. म्हणून हेडफोन कानांवर चढवण्यापूर्वी कळ शून्यावर आणावी, मग ती हळूहळू वाढवावी आणि गायकाचा श्वास स्पष्ट ऐकू येऊ लागला, की हात तेथेच थांबवावा.