कुठून बोलताय?

आडवेळेला फोन लावला की पलीकडून एक प्रश्न हमखास येतो, ‘कुठून बोलताय?’ शहरातल्या माणसाला हा प्रश्न सोपा आहे. गल्ली, चौक, दुकानाचं नाव सांगितलं की संपलं. आमच्या भागात, कंधार आणि अहमदपूर तालुक्यांच्या शिवेवर, मन्याडच्या खोऱ्यात, तोच प्रश्न घाम फोडतो. ‘पाटलाच्या आखाड्याच्या वर, जुन्या चिंचेपासून डाव्या अंगाला, वढा ओलांडून’ हा आमचा पत्ता. गावातल्या पोराला झोपेतून उठवून सांगितला तरी कळतो. पुण्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो कसा कळावा? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत आमच्या खेड्यांत मदत कशी मागितली गेली, हे मी बघत आलो. साधनं बदलली, नंबर बदलले. हा प्रश्न राहिला, आणि त्याचं उत्तर वेळेत देता आलं की नाही यावर कैक माणसं वाचली, कैक गेली.

१९७० च्या आसपास गावात फोन नव्हता, मोटार नव्हती, डांबरी रस्ता नव्हता. हाळी होती. आग लागली, चोर आले, विहिरीत कोणी पडलं की माणूस माळवदावर चढायचा, तोंडाला दोन्ही हात लावायचा आणि ओरडायचा, ‘तळ्याखालच्या मळ्यात, आग लागलीऽऽ!’ आधी जागा, मग संकट. ही शिस्त कोणी शिकवलेली नव्हती. ऐकणारा धावत सुटतासुटताच ऐकायचा, म्हणून त्याला दिशा आधी लागायची. लांबच्या आखाड्यावरचा माणूस ती हाळी उचलून पुढच्याला द्यायचा. पाच-सात मिनिटांत घागरी, दोर, कुऱ्हाडी घेऊन माणसं हजर. सगळ्या गावाला काही कळवायचं असलं तर कोतवाल दवंडी द्यायचा. ठाण्याला वर्दी द्यायचं काम पोलीस पाटलाचं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमलेला हा माणूस म्हणजे गावात सरकारचा कान. पण त्याची वर्दी पायी किंवा सायकलवर जायची. ठाण्यातून शिपाई येईस्तोवर दुसरा दिवस उजाडायचा.

आग आणि चोर यांना हाळी पुरायची. आजाराला पुरायची नाही. साप चावला म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं, अशी आमच्याकडं रीत. पान लागलेल्या माणसाला आधी मारुतीच्या पारावर आणायचे, लिंबाचा पाला चघळायला द्यायचे, कडू लागतो का विचारायचे. मी शाळेत असताना शेजारचं एक जवान पोरगं ज्वारीच्या काढणीत असं पान लागून गेलं. त्याला बाजेवर घातलं, चौघांनी खांदा दिला, पुढं बैलगाडी जुंपली. मोठ्या गावचा दवाखाना अठरा किलोमीटर. अर्ध्या वाटेवर त्याची बोटं कासऱ्यावरून सुटली. त्याच्या आईनं गाडी परत फिरवू दिली नाही. ‘डाक्टरला दावू द्या, मंग फिरा,’ एवढंच ती म्हणत होती. गाडी दवाखान्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

मोठी इस्पितळं आमच्यासाठी उशिरानं आली. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात निघालं, नांदेडचं १९८८ ला. लातूर जिल्हाच मुळी १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. इस्पितळ असणं ही एक गोष्ट. तिथं वेळेत पोचणं ही दुसरी. या दोहोंच्या मधल्या वाटेची व्यवस्था कोणाकडंच नव्हती.

फोन आला तो आधी शेजारच्या मोठ्या गावच्या पोस्टात. काळा, जड, फिरवायच्या तबकडीचा. आमच्यापासून सहा किलोमीटर. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी नोंद करायची. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि सगळ्यांत महाग लाइटनिंग कॉल. नोंद करून बाकड्यावर बसायचं. एक्सचेंजवरचा माणूस विचारायचा, ‘कुठून बोलताय?’ गावाचं नाव सांगितलं तर म्हणायचा, ‘पोस्टाचं नाव सांगा.’ त्या दिवसापासून आमच्या गावाला दोन नावं झाली, एक आमचं आणि एक पोस्टाचं. संध्याकाळी पोस्टाला कुलूप लागलं की फोनही कुलपात. माणसाचं मरण काही दहा ते पाच या वेळेत येत नाही.

१९८० च्या दशकाच्या शेवटाला खेड्यापाड्यांसाठी देशी बनावटीची छोटी एक्सचेंजं आली. धूळ, ऊन सोसणारी आणि थंड खोली न मागणारी. त्यामागोमाग पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओची दुकानं झाली. १९९१ च्या पावसाळ्यात माझी चुलत बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री एकला सुईण म्हणाली, ‘मूल आडवं हाय, माझ्या हातचं न्हाई.’ दोघं जण सायकलवर डबलसीट एसटीडीवाल्याकडं गेले. तो दुकानातच झोपायचा. बिचाऱ्यानं लगेच शटर उचललं. एका सरकारी दवाखान्यात फोन लागला. उत्तर मिळालं, ‘गाडी आहे, ड्रायव्हर नाही.’ मग बाजारगावच्या एका जीपवाल्याला लावला. त्यानं कुठून बोलताय हे विचारलंच नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘पैसे कोण देणार?’ चुलत्यानं दुसऱ्या दिवशी गोऱ्हा विकायचं कबूल केलं तेव्हा जीप निघाली. बहीण वाचली. बाळ वाचलं नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी किल्लारी झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून दमलेली माणसं माळवदाखाली झोपली होती. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पण हाक त्या रात्रीची नव्हती. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात धक्क्यांची माळ लागली होती. लोक बाहेर झोपत होते, जमिनीत काय चाललंय ते सांगा म्हणून विचारत होते. पुढं धक्के कमी झाले, पावसाळा आला, माणसं पुन्हा आत झोपली. वर्षभर आधी दिलेल्या हाकेचं उत्तर आलंच नाही.

त्या पहाटे माहिती उलट्या दिशेनं फिरली. मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बंदोबस्तामुळं मुंबईत जागे होते. खिडक्या हादरल्या तसा त्यांनी कोयनेच्या भूकंप केंद्राला फोन लावला आणि तिथून त्यांना किल्लारीचं नाव कळलं, असं त्यांनी स्वतःच पुढं सांगितलंय. म्हणजे ढिगाऱ्याखालची माणसं ‘आम्ही इथं आहोत’ असं सांगू शकत नव्हती. त्यांचा पत्ता यंत्रानं सांगितला. यंत्रानं एकच नाव सांगितलं. भूकंप किल्लारीचा म्हणून जगभर गेला. मोडलेली गावं मात्र औसा तालुक्यात होती तशी तेरणेच्या पलीकडं उमरगा तालुक्यातही होती.

आम्ही तिसऱ्या दिवशी गावातून भाकरी, चटणी, जुनी धडुती गोळा करून ट्रकनं गेलो. पाऊस सुरू होता. हमरस्त्यावरच्या गावांत मदतीच्या गाड्यांची रांग, इतकी की भाकऱ्या भिजत पडलेल्या. एका फाट्यावर कोणीतरी मोडक्या पत्र्यावर कोळशानं गावाचं नाव लिहून खाली लिहिलं होतं, ‘इकडं बी या.’ बाण काढला होता. पावसानं अर्धा बाण धुऊन गेला होता. आम्ही तिकडं वळलो. पाच किलोमीटर चिखल. तिथली माणसं हातानं दगड काढत होती. एका म्हाताऱ्यानं आमच्या ट्रककडं बघून विचारलं, ‘कुठून आलाव?’ आम्ही गाव सांगितलं. ‘मंग तुमाला कळलं म्हना,’ एवढंच बोलून तो पुन्हा दगड उचलायला लागला.

या घडीनं सरकारला एक गोष्ट शिकवली. ५२ गावं नव्या जागी वसली, तो वेगळा इतिहास आहे. पण त्याचबरोबर मंत्रालयात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्तीचे नियंत्रण कक्ष उभे राहिले. पुढं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हा कक्षासाठी १०७७ हा नंबर आला. आज कलेक्टर कचेरीत रात्री फोन उचलायला माणूस बसतो, त्यामागं किल्लारीची माती आहे.

२००५ नंतर मोबाइल आले आणि एसटीडीच्या पिवळ्या पाट्या गंजल्या. बाळंतिणीला मोफत नेण्याआणण्यासाठी १०२ नंबर आला. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ सुरू झाली. ९३७ गाड्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. फोन कुठूनही लावा, तो पुण्याच्या केंद्रात जातो. तिथून जवळची गाडी सांगितली जाते, मग गाडीतला डॉक्टर किंवा ड्रायव्हर आपल्याला उलट फोन करतो. फोनला पैसा नाही, गाडीला पैसा नाही. गोऱ्हा विकून जीप आणणाऱ्या माणसांना हे खरं वाटायला दोन वर्षं लागली.

आमच्या शिवारात पहिली मोठी परीक्षा झाली ती शेजारच्या आबांची. आखाड्यावर रात्री नऊला छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम. नातवानं १०८ लावला.

‘पत्ता सांगा सर.’

‘आखाड्यावर हाय.’

‘गाव कोणतं? तालुका? जिल्हा?’

इथं पोरगं अडखळलं. आबांचं घर नांदेड जिल्ह्यात, शेत लातूर जिल्ह्यात आणि मोबाइलला रेंज तिसऱ्याच गावच्या टॉवरची.

‘जवळची खूण सांगा.’

‘महादेवाचं देऊळ.’

महादेवाची देवळं त्या पंचक्रोशीत चार. तेवढ्यात गावची आशाताई आली. तिनं फोन हातात घेतला. शेताचं नावच घेतलं नाही. ‘साहेब, डांबरी रस्त्यावर फाटा आहे, एसटीचा निवारा आहे. तिथं पोरगं बॅटरी घेऊन उभं करते. गाडी तिथंच थांबवा, आम्ही पेशंट आणतो.’ मग ती आमच्याकडं वळली, ‘बघत काय बसलाव? बाज काढा.’ चौघांनी बाज उचलली. दीड किलोमीटर पांदण, काळ्या चिखलातून. आम्ही फाट्यावर पोचलो आणि पाचेक मिनिटांत निळा दिवा दिसला. डॉक्टरनं जिभेखाली गोळी ठेवली, नळी लावली. आबा त्यानंतर सहा वर्षं जगले.

बाईनं काय केलं ते मी पुढं किती तरी वेळा मनात घोळवलं. न सापडणारा पत्ता सांगत बसण्याऐवजी तिनं रस्त्यावर एक माणूस उभा केला. तो माणूसच पत्ता झाला.

सगळ्या वेळा अशा जात नाहीत. पुढल्याच वर्षी फवारणी करताना औषध अंगात भिनलेल्या एका पोरासाठी फोन केला, तर जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन नांदेडला गेलेली. पोराला कापसाच्या टेम्पोत घालून नेलं. राज्यात चाळीस हजारांवर गावं आणि गाड्या हजाराच्या आत. हिशेब कोणालाही करता येतो. फोन उचलणाऱ्या पोरीला शिव्या देऊन गाडी येत नाही. गाड्या वाढवा, पांदण रस्ते करा, हे मागावं लागतं.

आणि काही संकटं अशी असतात की गाडी जगातली सगळ्यांत वेगवान असली तरी ती मागंच राहते. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर विहिरीत गेला. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या सात बाया गेल्या, तिघं वाचली. भरलेल्या विहिरीत माणूस किती वेळ टिकतो? तिथं उपयोगाचा असतो तो काठावर आधीपासून पडलेला दोर आणि जवळच्या शेतातला पोहणारा माणूस. त्याच साली ऑगस्टात मुखेड तालुक्यात रात्रीत पाणी चढलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यात वेढली. राज्याचं आपत्ती दल आलं, लष्कराचे जवान आले, माणसं काढली. ते येईस्तोवर लोकांनी छपरांवर, उंच जागांवर एकमेकांना धरून ठेवलं होतं.

आता ११२ आलाय. पोलीस, आग, सगळ्याला एकच नंबर, आणि फोन कुठून आला याचा अंदाज म्हणे यंत्रालाच लागतो. चांगलंच आहे. पण रेंज नसलेल्या खोऱ्यात यंत्र तरी काय करील? म्हणून आम्ही गावात थोडं काम केलं. पांदणींना नावं दिली आणि तोंडाशी दगडावर रंगानं लिहिली. प्रत्येक आखाड्याच्या दारामागं कागद चिकटवला: गट नंबर, शिवार कोणत्या गावचं, जिल्हा कोणता, जवळची डीपी कोणती, गाडी कोणत्या फाट्यावर बोलवायची. खाली १०८, ११२, १०७७. विहिरींच्या काठावर दोर बांधून ठेवायला सांगितलं. निम्म्या लोकांनी ठेवले, निम्म्यांचे दोर गुरांच्या दाव्याला गेले. त्यांना पुन्हा सांगतोय. आशाताई शाळेत जाऊन पोरांना फोन कसा करायचा ते शिकवते. ‘आधी जागा सांगायची, मग काय झालं ते,’ असं ती म्हणते तेव्हा मला माळवदावरची हाळी आठवते.

पांदण अजून कच्चीच आहे. ठराव दोनदा झाले, मुरूम एकदा पडला आणि एका पावसात वाहून गेला. मिरगापासून दिवाळीपर्यंत १०८ फाट्याच्या अलीकडं येऊ शकत नाही. तोवर पहिला दीड किलोमीटर आमचाच. त्यासाठी चावडीत एक बाज ठेवलीय, नव्या नवारीनं विणलेली, आणि तिच्या चारी खुरांना खांद्यावर घ्यायचे दांडे कायमचे बांधलेत.