लेण्याद्री परिसरातली पहिली गाडी : भाडेखरेदीपासून भाडेकरारापर्यंत

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात तरुणाच्या हाती येणारी पहिली गाडी बहुधा हप्त्यांवरची असते. तिच्या आरसी बुकावर तिला पैसा पुरवणाऱ्या बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचेही नाव असते. शहरात रुळत चाललेला निव्वळ भाडेकरार, म्हणजे दरमहा भाडे भरून गाडी वापरायची आणि मुदतीअखेर परत करायची ही पद्धत, इथे फारशी रुजलेली नाही. त्याचे कारण या भागातल्या वाहनखरेदीच्या इतिहासात सापडते.

पैसा एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा, हा व्यवहार जुन्नरला फार जुना आहे. सातवाहनकाळी नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाचे हे मोठे ठाणे होते. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातले चैत्यगृह कल्याणच्या एका दात्याने दिल्याचे तिथला लेख सांगतो. जुन्नरच्या लेण्यांतील दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, पैसा गुंतवल्याची नोंद आहे. त्या ठेवींचा आजच्या वाहनकर्जाशी थेट संबंध जोडता येत नाही. पण पतीवर चालणारा व्यवहार या मुलखाला बाहेरून शिकावा लागला नाही, एवढे नक्की.

मोटारींच्या बाबतीत आधी भाडेखरेदी आली. या करारात गाडी तरुणाच्या ताब्यात येते, मालकी मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कंपनीकडेच राहते. तोवर भरलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भाडेच असते. नंतर बँकांच्या तारणकर्जाचा प्रघात वाढला. त्यात मालकी घेणाऱ्याची आणि गाडी गहाण, अशी उलटी मांडणी असते. गावात दोन्हींना ‘फायनान्सची गाडी’च म्हणतात. हप्ते थकले की मात्र हा फरक प्रकर्षाने जाणवतो. भाडेखरेदीदाराला संरक्षण देण्यासाठी संसदेने 1972 मध्ये कायदा केला. किमतीचा ठरावीक भाग फेडल्यानंतर न्यायालयाला विचारल्याशिवाय गाडी ओढून नेता येऊ नये, अशी त्यात तरतूद होती. तो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला. हप्तेकऱ्याच्या बाजूने केलेला कायदा तेहतीस वर्षे कागदावर पडून राहावा, ही मोठी उणीव होती. वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये फटकारले, तोवर अनेक हप्तेकऱ्यांचा काळ कंपनीच्या मर्जीवर गेला होता.

ग्रामीण तरुणापर्यंत वाहनकर्ज पोचण्यात 19 जुलै 1969 चे बँक राष्ट्रीयीकरण निर्णायक ठरले. पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्या चौदा बँकांपैकी एक होती. अग्रक्रमाच्या कर्जक्षेत्रात शेती व लघुउद्योगांबरोबर छोट्या वाहतूकदारांचाही समावेश झाला. दुसरीकडे कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणे झाली आणि पाण्याबरोबर ऊस, कांदा, टोमॅटो वाढले. नारायणगावच्या बाजारात माल न्यायला आणि कारखान्यावर ऊस पोचवायला वाहने लागली. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर ही दोन ठिकाणे जुन्नर तालुक्यात असल्याने प्रवासी वाहतुकीलाही काम मिळाले. म्हणून पहिली गाडी मिरवायची नव्हे, तर कमवायची असे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर आणि 2005 नंतर ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखले जाणारे छोटे मालवाहू वाहन. हप्ता तिच्याच कमाईतून निघायचा आणि फेड झाल्यावर गाडी घरची व्हायची. मुदतीअखेर परत करायची गाडी या हिशेबात बसत नाही.

वयाचीही अडचण होतीच. मोटार चालवायला अठरा आणि व्यावसायिक वाहनासाठी वीस वर्षे पूर्ण लागतात. अठरा वर्षांखालच्याने केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही. अठरा पूर्ण झाली तरी नव्या मुलाला स्वतःची पत नसते. मग वडील सहकर्जदार होतात, नात्यातला कुणी जामीनदार राहतो.

भाडेकराराचा धंदा भारतात 1973 मध्ये चेन्नईच्या फर्स्ट लीजिंग कंपनीपासून संघटित झाला. त्याचा लाभ मुख्यतः कंपन्यांना आणि करात सवलत मिळवणाऱ्या पगारदारांना झाला. 2020 मध्ये मारुती सुझुकीने वैयक्तिक ग्राहकांसाठी मासिक भाड्याची योजना आणली. तीही आधी मोठ्या शहरांपुरतीच होती. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देण्याचा परवाना हवा, तर 1989 च्या केंद्रीय योजनेनुसार किमान पन्नास गाड्या बाळगाव्या लागत; तालुक्याच्या गावी एवढे भांडवल उभे करणे अवघड होते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने भाडेखरेदी, भाडेकरार आणि तारण या तिन्हींची नोंद आरसीवर बंधनकारक केली. त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार अशा करारातली गाडी ज्याच्या ताब्यात तोच तिचा मालक धरला जातो. म्हणून कराची आणि अपघाताची जबाबदारी भाडेकऱ्यावरही येते. कर्ज फिटले की कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 परिवहन कार्यालयात देऊन बोजा उतरवला जातो.